ओदी

पहिला महिनाभर मी नुसतं पाणी सांडलं.
बोअरपासून खोलीपर्यंत दोनशे पावलं,
डोक्यावर बादली, एक हात वर,
आणि मागून येणाऱ्या बायका
माझ्या भिजल्या पाठीकडे बघून
इतक्या मनापासून हसायच्या
की राग धरता आला नाही.
तियामिके नऊ वर्षांची. तिची बादली माझ्याहून मोठी,
पाणी डुचमळतसुद्धा नाही.

निघताना मंडळीने हार घातला होता,
पाळकांनी डोक्यावर हात ठेवला होता.
बत्तीस वर्षं सूक्ष्मदर्शकावर वाकलेली मान
आता प्रभूच्या कामी येणार
म्हणून आत्याने डोळे पुसले.
इथे मिशनच्या दवाखान्यात
सूक्ष्मदर्शक आहे, दिवा नाही.
आरसा उन्हाकडे वळवून
लिम्बिकानी नावाचा पोरगा
मलेरियाचे जंतू मोजतो, माझ्याहून लवकर.
ढग आले की आम्ही दोघं
पायरीवर बसून शेंगा सोलतो.

धारदार पातं पाहुणाच घेऊन येतो,
अशी मलावीत म्हण आहे.
न्यिरोंगोबाईंनी ती पहिल्याच रविवारी ऐकवली,
मोठ्या आदराने.
मी पिशवी उघडून दाखवली नाही.
काळा मसाला, गुडघ्यांचं तेल,
चष्म्याचा जादा नंबर.

त्यांची प्रार्थना मी अर्थ न कळता पाठ केली.
रोजच्या अन्नाची ओळ येते
तेव्हा सगळे त्यांचा शब्द म्हणतात,
मी तोंडातल्या तोंडात भाकरच म्हणते.
एकदा मक्याच्या पांढऱ्या पिठाची थापलीही.
कडा फाटल्या, मध्ये करपली.
तियामिकेने तुकडा बराच वेळ चघळला
आणि विचारलं,
ही न्सिमा आजारी आहे का?

तिमाही अहवालात एक रकाना आहे:
किती जीवांपर्यंत पोचलात?
पेन उघडून बसले.
पोचली ती निम्मी बादली.

इथे कडी वाजवत नाहीत.
अंगणाच्या कडेला थांबून म्हणायचं, ओदी.
आतून उत्तर येईपर्यंत
उन्हात असलं तरी उभं राहायचं.
माझ्याकडे सगळे म्हणत यायचे
आणि मी आतून मराठीत ओरडायची, या, या.
मी मात्र कुणाच्या अंगणाशी थांबले नव्हते.
सेवेला आलेल्या माणसाला
फार काम असतं.

मग एका मंगळवारी रात्रीचा पहारेकरी गेला.
म्वाले त्याचं नाव.
रोज पहाटे माझ्या खिडकीखाली खोकायचा,
मला गजर लावावा लागायचा नाही.
अंधारात कमरेला चितेंजे गुंडाळून गेले.
अंगणाशी थांबले.
ओदी म्हटलं, आवाजच निघाला नाही.
पुन्हा म्हटलं.

आतल्या बायका सरकल्या,
एक मांडी मावेल एवढ्या.
भुईवर बसले. भिंतीला पाठ.
त्या गात होत्या, थांबत होत्या,
कुणी एक हुंदका देई, मग पुन्हा गाणं.
मला शब्द येत नव्हते,
येत असते तर काहीतरी बोलले असते.
त्याची बायको मधेच माझ्याकडे वळली
आणि काहीतरी सांगत राहिली, खूप वेळ,
मी मान हलवत राहिले.

उजाडायच्या आधी कुणी तरी
माझ्या पुढ्यात कोबीचा ढीग ओतला
आणि हातात सुरी दिली.
बोथट होती.
मी चुलीजवळच्या दगडावर घासली,
आणि शेजारची बाई
आपलीही सुरी माझ्याकडे सरकवून
पुन्हा गाऊ लागली.

घरी आले तेव्हा ऊन चढलं होतं.
पाय धुवायला वाकले,
पायात दुसऱ्याच कुणाच्या चपला,
टाचेशी झिजलेल्या, अंगठ्याजवळ तारेने बांधलेल्या.
माझ्या कुणी नेल्या,
अजून विचारलेलं नाही.